नाव एक, मेंदू अनेक

कुटुंबातील कुणाला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मेंदूच्या एमआरआयमध्ये काही दिसले का? बहुतेक वेळा अहवालात ठळक असे काहीच नसते. मग कुणाला हायसे वाटते, तर कुणाला आजार खरा आहे की नुसते सोंग, अशी शंका येते. दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच समजूत असते. मनाच्या प्रत्येक गंभीर आजाराची मेंदूवर ठरावीक खूण असणार आणि तो आजार झालेल्या सगळ्या माणसांत ती सारखीच असणार, असे आपण धरून चालतो.

ही समजूत मनोविकारशास्त्रात घट्ट रुजवण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या मनोविकारांच्या वर्गीकरणाचा पाया त्यांनी घातला. मेंदूतील खूण शोधण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील सर्वोत्तम माणसे एकत्र आणली. त्या शोधाचे पुढे काय झाले, हे कळले की एमआरआयच्या कोऱ्या अहवालाकडे पाहण्याची आपली नजरही थोडी बदलते.

क्रेपेलिन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८५६ रोजी उत्तर जर्मनीतील नॉयस्ट्रेलिट्झ या लहान गावी झाला. सिग्मंड फ्रॉइडही त्याच वर्षी जन्मले. वडील रंगमंचावरचे कलावंत होते. मुलाला मात्र ओढ लागली ती थोरला भाऊ कार्ल याच्या छंदाची. कार्लला वनस्पती आणि प्राण्यांचे वेड होते. पुढे तो हॅम्बर्गच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा संचालक झाला. दिसण्यातले साम्य आणि फरक टिपायचे, गट पाडायचे, गटाला नाव द्यायचे, ही वनस्पतिशास्त्रज्ञाची दृष्टी धाकट्या भावाने आयुष्यभर जपली. फरक इतकाच, की त्याने ती झाडांऐवजी माणसांवर वापरली.

वैद्यकाचे शिक्षण त्यांनी वुर्झबर्ग आणि लाइपझिग येथे घेतले. लाइपझिगमध्ये त्यांना प्रायोगिक मानसशास्त्राचे जनक विल्हेल्म वुंट भेटले. मनाचे व्यापारही मोजता येतात, हे त्यांनी वुंट यांच्याकडून उचलले. चहा, दारू, औषधे यांनी माणसाच्या विचारांचा वेग किती बदलतो, हे ते पुढे अनेक वर्षे प्रयोगांनी तपासत राहिले. त्यातूनच दारूविषयी त्यांचे मत इतके कडक झाले, की बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या म्युनिकमध्ये राहूनही ते पूर्ण निर्व्यसनी राहिले आणि दारूबंदीचा प्रचार करत राहिले.

१८७८ मध्ये ते म्युनिकच्या मनोरुग्णालयात बर्नहार्ड फॉन गुडेन यांच्या हाताखाली रुजू झाले. गुडेन हे मेंदूरचनेचे नामवंत अभ्यासक. मेंदूचे पातळ काप काढणारे यंत्र त्यांनी तयार केले होते. रुग्णांना बांधून ठेवण्याची पद्धत बंद करणाऱ्यांपैकीही ते एक होते. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याला राज्य करण्यास असमर्थ ठरवणारे डॉक्टर ते हेच. १८८६ च्या जूनमध्ये राजा आणि गुडेन या दोघांचेही मृतदेह एकाच तलावात सापडले.

गुडेन यांच्याकडे येणारा प्रत्येक तरुण डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर बसे. मनाचे आजार म्हणजे मेंदूचे आजार, हे त्या पिढीचे ब्रीदच होते. क्रेपेलिन यांचाही त्यावर विश्वास होता. पण डोळ्यांच्या दुखण्यामुळे तासन् तास सूक्ष्मदर्शकात पाहणे त्यांना जमत नसे. त्यांच्या कामाला वेगळे वळण लागण्यात या अडचणीचा वाटा आहे. मेंदूचे काप पाहता येत नव्हते, तेव्हा त्यांनी जिवंत माणूस पाहायला घेतला.

त्यांची सुरुवात काही सुखाची नव्हती. १८८२ मध्ये ते पॉल फ्लेक्सिग यांच्या लाइपझिगच्या रुग्णालयात गेले आणि काही महिन्यांतच तिथून त्यांना काढून टाकण्यात आले. हाताशी नोकरी नाही आणि लग्न ठरलेले, अशा काळात वुंट यांच्या सल्ल्याने त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मनोविकारांवर एक छोटे पुस्तक लिहिले. ते १८८३ मध्ये निघाले. पोटासाठी लिहिलेल्या या पुस्तकाच्या पुढे आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि १९०९ ते १९१५ या काळात आलेली आठवी आवृत्ती चार जाडजूड खंडांची झाली. क्रेपेलिन यांचे विचार कसे बदलत गेले, हे या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या की दिसते.

१८८६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते डॉर्पाट येथे प्राध्यापक झाले. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते एस्टोनियातील टार्टू. तिथल्या बऱ्याच रुग्णांची भाषा क्रेपेलिन यांना येत नव्हती, दुभाष्यावाचून बोलणे अशक्य होते. रुग्ण काय सांगतो हे नीट कळत नसेल, तर डॉक्टर काय पाहणार? त्याची हालचाल, चेहरा, झोप, आणि मुख्य म्हणजे महिन्यामागून महिने त्याच्यात होणारा बदल. क्रेपेलिन यांचा भर रुग्णाच्या अनुभवापेक्षा आजाराच्या वाटचालीवर का राहिला, याचे एक कारण अभ्यासक डॉर्पाटच्या या वर्षांत शोधतात.

१८९१ मध्ये ते हायडेलबर्गला आले आणि तिथे त्यांचे खरे काम उभे राहिले. त्या काळी मनोविकारांची नावे लक्षणांवरून पडत. कुणाला भास होतात, कुणी स्तब्ध बसून राहतो, कुणी अखंड बडबडतो. प्रत्येकाचा आजार निराळा मानला जाई. क्रेपेलिन यांना हे पटत नव्हते. ताप हे जसे एक लक्षण आहे आणि तो अनेक आजारांत येतो, तसेच भासांचे असणार, असा त्यांचा तर्क होता. लक्षणांपेक्षा आजार कसा सुरू झाला, कसा पुढे गेला आणि शेवटी रुग्ण कुठे पोहोचला, हे पाहिले तर खरे आजार वेगळे काढता येतील, असे त्यांना वाटले.

यासाठी त्यांनी कार्डांची पद्धत सुरू केली. प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड. त्यावर वय, घराण्यातील आजार, लक्षणे आणि निदान थोडक्यात लिहिलेले. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला तरी त्याचा माग सोडायचा नाही. सुटीच्या दिवसांत ते स्वतः अशा रुग्णालयांत जाऊन जुने रुग्ण शोधत आणि कार्डावर पुढची नोंद करत. मग ही कार्डे पसरून त्यांचे गठ्ठे करायचे. एखाद्याचे पुढे वेगळेच झाले तर त्याचे कार्ड दुसऱ्या गठ्ठ्यात टाकायचे. हजारो माणसांची आयुष्ये अशी त्यांच्या हाताखालून गेली.

या गठ्ठ्यांतून १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत दोन मोठी नावे पुढे आली. तरुणपणी सुरू होणारा आणि हळूहळू बुद्धी व भावना कोमेजून टाकणारा आजार तो डिमेन्शिया प्रीकॉक्स, म्हणजे अकाली बुद्धिऱ्हास. आणि लाटेसारखा येणारा-जाणारा, मधल्या काळात माणसाला पूर्ववत करणारा, तो उन्माद-अवसादाचा आजार. पहिल्याचे पुढे स्किझोफ्रेनिया झाले आणि दुसऱ्याचा मोठा भाग आज बायपोलर म्हणून ओळखला जातो. मराठी प्रेक्षकाला ‘देवराई’ चित्रपटातून भेटलेला आजार तो पहिल्या गठ्ठ्यातला.

या वर्गीकरणाने मोठी सोय झाली. आपला माणूस बरा होईल का, या घरच्यांच्या प्रश्नाला डॉक्टरांकडे प्रथमच काही आधार असलेले उत्तर आले. पण त्यात एक मोठा धोकाही होता. डिमेन्शिया प्रीकॉक्स या नावातच शेवट लिहिलेला होता. काही रुग्ण बरे होतात हे खुद्द क्रेपेलिन यांच्या नोंदींत होते. तरी नाव मात्र ऱ्हासाचे राहिले आणि ते ज्याला चिकटले, त्याच्याविषयीची आशा सोडून देणे सोपे झाले.

कार्डांचे गठ्ठे तर झाले. पण गठ्ठा म्हणजे आजार, हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी क्रेपेलिन यांना मेंदू हवा होता. त्यांच्या डोळ्यांसमोर एक आदर्श उदाहरण होते. मनोरुग्णालयांतील पुष्कळ खाटा तेव्हा सार्वत्रिक पक्षाघात नावाच्या आजाराच्या रुग्णांनी भरलेल्या असत. बढाईखोर भ्रम, मग बुद्धीचा ऱ्हास, मग पक्षाघात आणि मृत्यू. या सर्वांच्या मेंदूत सारखेच बदल दिसत आणि अखेर १९१३ मध्ये हिदेयो नोगुची व त्यांच्या सहकाऱ्याने त्या मेंदूंत सिफिलिसचे जंतू दाखवून दिले. एक कारण, एक प्रकारचा बिघडलेला मेंदू, एक आजार. डिमेन्शिया प्रीकॉक्सचेही असेच होणार, अशी क्रेपेलिन यांची खात्री होती.

स्वतःच्या डोळ्यांना जमत नव्हते, म्हणून त्यांनी इतरांचे डोळे गोळा केले. फ्रान्झ निस्सल हायडेलबर्गला आले. मेंदूतील पेशी रंगवण्याची त्यांची पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे मित्र अलॉइस अल्झायमर क्रेपेलिन यांच्याबरोबर १९०३ मध्ये म्युनिकला गेले आणि तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ मध्ये दाखल झालेली ५१ वर्षांची एक विस्मृतीग्रस्त स्त्री अल्झायमर यांच्या लक्षात होती. १९०६ मध्ये ती वारली, तिचा मेंदू म्युनिकला आला आणि त्यात अल्झायमर यांना पेशींबाहेरचे साठे व पेशींतील तंतूंचे गुंते दिसले. क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पुस्तकात त्या आजाराला सहकाऱ्याचे नाव दिले. अल्झायमर हा शब्द घराघरांत पोहोचला तो असा.

शोध यशस्वी होतो आहे, असे वाटण्याजोगाच हा क्षण होता. पण ज्या आजारासाठी एवढा खटाटोप केला, तिथे मात्र हाती काही लागेना. डिमेन्शिया प्रीकॉक्सच्या एका मेंदूत काही पेशी कमी दिसत, दुसऱ्यात त्या जागी सगळे ठीक असे. एकाने पाहिलेला बदल दुसऱ्याला सापडत नसे. दिसलेला बदल मनोविकाराचा, रुग्णाला झालेल्या क्षयाचा, की मृत्यूनंतर काही तास गेल्याचा, हेही सांगणे कठीण होते. मेंदूच्या बाह्यकाचा प्रसिद्ध नकाशा तयार करणारे कोर्बिनियन ब्रॉडमनही पुढे क्रेपेलिन यांच्याकडे आले, तरी कोडे सुटले नाही. मनोविकारांची ठरावीक खूण दाखवणारा मेंदू टेबलावर आलाच नाही.

झुरिकचे ऑइगेन ब्लॉइलर यांनी तोवर वेगळा सूर लावला होता. त्यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हा शब्द आणला आणि १९११ च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात तो चक्क अनेकवचनी वापरला. हा एक आजार नसून आजारांचा समूह असावा आणि त्याचा शेवट प्रत्येक वेळी ऱ्हासातच होतो असे नाही, असे त्यांचे मत होते.

क्रेपेलिन मात्र काम करत राहिले. महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, त्यांनी म्युनिकमध्ये केवळ मनोविकारांच्या संशोधनासाठी संस्था स्थापन केली. तिला मोठा आधार दिला तो जेम्स लोएब या अमेरिकन बँकरने. लोएब स्वतः मानसिक आजाराशी झगडत होते आणि क्रेपेलिन यांचे रुग्ण होते. पण अल्झायमर १९१५ मध्ये, ब्रॉडमन १९१८ मध्ये आणि निस्सल १९१९ मध्ये वारले. उसने घेतलेले डोळे एकेक करून मिटले.

अशा वेळी, १९२० मध्ये, क्रेपेलिन यांनी एक निबंध लिहिला. वय ६४, कीर्ती शिखरावर, दोन आजारांची त्यांची विभागणी सगळीकडे शिकवली जात होती. त्या निबंधात त्यांनी मान्य केले की पुष्कळ रुग्णांमध्ये या दोन आजारांतील सीमारेषा समाधानकारकपणे आखता येत नाही. आजाराचे रूप माणसाची जडणघडण, आनुवंशिकता आणि आयुष्य यांतूनही ठरते, या विचाराला त्यांनी जागा दिली. स्वतः बांधलेल्या भिंतीत स्वतःच खिडकी पाडण्याचा हा प्रकार होता. भिंत सर्वांच्या लक्षात राहिली. खिडकी फार थोड्यांनी पाहिली.

त्यांच्या कामाची एक काळी बाजू लपवता येणार नाही. मनोविकार म्हणजे वंशाचा ऱ्हास, ही त्या काळची कल्पना क्रेपेलिन यांनी उचलून धरली होती. १९१८ च्या जर्मन क्रांतीतील नेत्यांना त्यांनी मनोविकृत ठरवले. त्यांच्या संस्थेतील आनुवंशिकता विभाग सांभाळणारे अर्न्स्ट रूडिन नाझी राजवटीच्या सक्तीच्या नसबंदी कायद्याचे एक शिल्पकार बनले. १९३३ च्या त्या कायद्यात स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-अवसाद ही नावे स्पष्ट लिहिलेली होती. सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली आणि नंतर हजारो मनोरुग्णांना ठार मारण्यात आले. अशा बळींचे मेंदू संशोधनासाठी म्हणून त्याच म्युनिकच्या संस्थेतही पोहोचले. क्रेपेलिन ७ ऑक्टोबर १९२६ रोजीच वारले होते. पण एका नावाखाली आलेली सगळी माणसे सारखीच, हा विचार माणुसकीपासून सुटला की कुठवर जातो, हे त्यांच्या पश्चात जगाने पाहिले.

मग मेंदूतील खुणेचे काय झाले? १९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क येथील संशोधकांनी सीटी स्कॅनच्या साहाय्याने दाखवले की दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात. १९९० मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या तपासण्यात आल्या. प्रत्येक जोडीत एकाला आजार होता, दुसऱ्याला नव्हता. बहुतेक जोड्यांत आजारी भावंडाच्या पोकळ्या मोठ्या आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग लहान आढळला. मेंदूत फरक असतो, हे क्रेपेलिन यांचे म्हणणे खरे ठरले. पण जुळ्या भावंडाशेजारी ठेवल्यावर जो फरक उठून दिसला, तो एकट्या माणसाच्या स्कॅनवर ओळखता येईलच असे नाही. निरोगी माणसांच्या मेंदूंतही लहानमोठेपणा असतोच.

पुढे हजारो रुग्णांचे स्कॅन एकत्र केले गेले. सरासरी काढली की फरक हमखास दिसे. पण सरासरी हा आकडा आहे, माणूस नव्हे. म्हणून अलीकडे संशोधकांनी वेगळी वाट धरली आहे. अंगणवाडीत किंवा बालरोगतज्ज्ञाकडे बाळाच्या वाढीचा तक्ता असतो. त्यावर बाळाचे वजन त्या वयाच्या इतर बाळांच्या तुलनेत कुठे पडते ते दिसते. तसाच तक्ता मेंदूचा करायचा. २०२२ मध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या स्कॅनवरून असे तक्ते प्रसिद्ध झाले. प्रत्येक रुग्णाचा मेंदू स्वतंत्रपणे तक्त्याशी ताडून पाहायचा आणि कोणता भाग अपेक्षेपेक्षा फारच लहान वा मोठा आहे, हे टिपायचे.

या पद्धतीने काय दिसले? २०१८ मध्ये नॉर्वेतील स्किझोफ्रेनियाच्या २१८ आणि बायपोलरच्या २५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. असे टोकाचे फरक पुष्कळ रुग्णांत होते, पण ते एकाच जागी क्वचितच होते; रुग्णांपैकी दोन टक्क्यांहून अधिक जणांत सारखाच फरक दिसेल, अशा जागा अगदी मोजक्या निघाल्या. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा आजारांच्या १,२९४ रुग्णांचे स्कॅन तपासले. एकाच निदानाच्या माणसांत मेंदूच्या कोणत्याही एका भागातील टोकाचा फरक सात टक्क्यांपेक्षा कमी जणांत सामाईक होता. मात्र हे विखुरलेले भाग मेंदूतील कोणत्या जाळ्यांशी जोडलेले आहेत हे पाहिल्यावर साम्य बरेच वाढले. ते ५६ टक्क्यांपर्यंत गेले. शहरात निरनिराळ्या चौकांत खड्डे पडावेत आणि गाड्या मात्र एकाच मार्गावर तुंबाव्यात, तसे हे काहीसे आहे.

यात औषधे, धूम्रपान, दारू आणि आजाराचा कालावधी यांचाही मेंदूच्या आकारावर परिणाम होतो, हे ध्यानात घ्यावे लागते. काही छोटे गट मात्र खरोखर वेगळे निघत आहेत. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर हल्ला केल्याने भास-भ्रम होणारा एक आजार २००७ मध्ये ओळखला गेला. त्यावर वेगळे उपचार असतात आणि पुष्कळ रुग्ण बरे होतात. क्रेपेलिन यांचे स्वप्न अशा लहान लहान तुकड्यांनी पुरे होत आहे.

आजही स्किझोफ्रेनियाचे निदान डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, लक्षणे आणि त्यांची वाटचाल पाहूनच करतात. एमआरआय सांगितला जातो तो मुख्यतः गाठ, संसर्ग, रक्तस्राव यांसारखे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. त्यामुळे अहवाल कोरा आला म्हणून आजार खोटा ठरत नाही, औषधे बंद करण्याचे ते कारण नाही आणि अहवालात एखादी पोकळी थोडी मोठी दिसली म्हणून पुढचे आयुष्य संपले असाही अर्थ होत नाही. शेजारच्या घरी त्याच नावाचा आजार असलेल्या माणसाचे जे झाले, तेच आपल्या माणसाचे होईल, हे कोणताही स्कॅन सांगत नाही. कोणते औषध लागू पडेल, किती काळ लागेल, कामावर परत जाता येईल का, याची उत्तरे ज्याची त्याची वेगळी असतात.

क्रेपेलिन यांच्याकडून घ्यायचे ते त्यांच्या गठ्ठ्यांवरची नावे नव्हेत, तर त्यांचे कार्ड. एका माणसासाठी एक, वर्षानुवर्षे जपलेले आणि नवी माहिती आली की बदलायची तयारी असलेले. घरात असा आजार असेल तर एक वही करावी. झोप, औषधांच्या वेळा, दुष्परिणाम, बरे दिवस आणि वाईट दिवस यांची तारखेनिशी नोंद ठेवावी आणि दर भेटीत ती डॉक्टरांपुढे उघडावी. आपल्या माणसाविषयी त्या वहीतून जे कळेल, ते आजच्या घडीला एमआरआयच्या फिल्मवर दिसत नाही.